ताण आणि सोड

सकाळी अकराचा उन्हबंदीचा भोंगा झाला आणि मधुबन लेआउटमधली दारं एकामागून एक लागली. चंद्रपुरात आता चैत्र लागला की हा भोंगा रोज व्हायचा, आणि संध्याकाळी पाचचा दुसरा भोंगा होईपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. सगळे आपापल्या घरात, आपापल्या गारव्यात.

रंजना पिंपळशेंडे मात्र भोंगा झाला की मागच्या दारी जायची. तिथे भिंतीच्या सावलीत उष्मापंपाची बाहेरची पेटी होती. कमरेएवढी उंच आणि आभाळाकडे तोंड करून गरम हवा सोडणारी. घरातली उष्णता उपसून बाहेर टाकायची, एवढंच तिचं काम. पण इतकी चांगली गरम हवा फुकट जावी, हे रंजनाच्या जिवाला पटण्यासारखं नव्हतं. चार उन्हाळ्यांपूर्वी तिनं पेटीवर बाज आडवी टाकली, बाजेवर जुनं सुती पातळ अंथरलं आणि त्यावर तांदळाचे ओले पापड मांडले. गच्चीवर आताशा पापड वाळायच्या आधीच तडकायचे, आणि भर उन्हात राखणीला बसायला तर बंदीच. पेटीवरचे पापड मात्र जेवणं आटोपेपर्यंत खडखडीत वाळले. मग काय, महिनाभरात लेआउटच्या आठ घरांपैकी सात घरांच्या पेट्यांवर बाजा चढल्या आणि रंजनाच्या डोक्याचं गावभर कौतुक झालं. आठवं घर गौरकार साहेबांचं. त्यांच्याकडे आपल्याला यायचंच आहे.

आज रंजना पापड उलटायला गेली, तर ते ओलेच होते. तिनं हवेवर तळहात धरला. चहावर मारलेली फुंकर असते ना, तेवढीच कोमट हवा येत होती. पंपाचा आवाजही नेहमीचा नव्हता. एरवी 'कर्र' असा ताण आणि पाठोपाठ 'हुश्श' अशी सोड, दिवसभर संथ लयीत चालायची. ऐकता ऐकता डोळा लागायचा. आज ताण लांबत होता आणि सोड यायचं नाव घेत नव्हती.

रंजना लगबगीनं आत वळली, कारण घरात प्रमोदराव होते.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला कोळशाच्या यार्डात कामावर असताना उष्माघात झाला होता. जीव वाचला, पण शरीर घाम काढायचं विसरलं ते विसरलंच. माणूस बाकी ठणठणीत. शब्दकोडी सोडवायचा, बायकोची चेष्टा करायचा, दोन पोळ्या जास्तच खायचा. फक्त खोलीचं तापमान तिसाच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तापमान वाढलं की आधी त्यांची जीभ जड व्हायची आणि मग बोलण्यात घोटाळा सुरू व्हायचा. म्हणून त्या घरात देव्हाऱ्याइतकंच महत्त्व भिंतीवरच्या आकड्याला होतं. रंजना आत आली तेव्हा तिथे एकोणतीस दिसत होतं.

"काय झालं? तोंड काहून उतरलं?" प्रमोदरावांनी विचारलं.

"काही नाही. पंप थोडा कुरकुर करून राहिला. तेजलला फोन करते."

तेजल मेश्राम लेआउटच्या पंपांची देखभाल करायची. दुरुस्तीवाल्यांना उन्हबंदीत फिरायची मुभा होती. त्यासाठी अंगात पाणी खेळणारा पांढरा गारकोट मिळायचा. तो घालून ती आली की लेआउटमधली लहान मुलं तिला अंतराळवीर म्हणायची आणि तिला ते मनातून आवडायचं. आली ती नेहमीसारखी मोठमोठ्यानं बोलतच आली.

"गॅस संपला असंल," प्रमोदराव दिवाणावरून म्हणाले.

"काका, गॅसचे पंप गेले तुमच्या तरुणपणीच! यात गॅस नाही, फिती आहेत. स्मृतिधातूच्या." तिनं पापडाच्या पुड्याचं रबर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे ओठाला लावा अन् एकदम ताणा."

प्रमोदरावांनी रबर ताणलं. "गरम लागतं की वं!"

"आता तसंच थोडा वेळ ताणून धरा. हां, आता ओठावरच सैल सोडा."

"गार," ते लहान मुलासारखे हसले.

"झालं. हाच तुमचा पंप. आतमधी धातूच्या फिती आहेत. मोटर त्यांना ताणते, त्या गरम होतात. ती गरमी पाणी घेऊन जातं बाहेरच्या पेटीत. मग मोटर फिती सोडते, त्या गार होतात. तो गारवा घरात येतो. अन् फीत आपला मूळचा आकार आठवून परत पहिल्यासारखी होते, म्हणून स्मृतिधातू."

हे सगळं सांगत ती मागच्या दारी गेली. बाज बाजूला केली, पेटीचं झाकण उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प झाली.

पेटीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. पाण्यातली गरमी त्या जाळीत उतरते आणि पंखा ती वर उडवून लावतो. तेजलनं जाळीला बोट लावलं तर तिथे जाळी नव्हतीच. पांढरी भुकटी होती. नुसत्या स्पर्शानं ती खाली गळून पडली. तेजलनं बोट नाकाशी नेलं.

"हिंग," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "काकू, पापडात खार किती टाकता?"

"टाकावाच लागते. खाराशिवाय पापड फुलंल काय?" रंजना म्हणाली आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. ओल्या पापडांचं खाराचं पाणी पातळातून थेंब थेंब खाली गळत होतं. चार उन्हाळे गळत होतं.

"खारानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं," तेजल म्हणाली. "जाळी गेली, म्हणून गरमी बाहेर पडेना. गरमी बाहेर पडेना, म्हणून मोटर फिती जास्त ताणू लागली. ताणून ताणून फिती थकल्या. आतमधी सहा जुड्या आहेत, त्यातल्या चार तुटायला आल्यात." तिनं कपाळावर हात मारला. "अन् मी! मागच्या वर्षी इथंच उभी राहून तुमचे पापड खाल्ले. काय डोकं चालवलं काकू, म्हणून टाळ्या वाजवल्या. मला एकदाही खाराचं सुचलं नाही."

पण तेजलच्या चुकीनं रंजनाला काही धीर आला नाही. ज्या यंत्रावर नवऱ्याचा जीव अवलंबून, तेच यंत्र आपण आपल्या हातानं चार वर्षं खारवत होतो. खिडकीतून भिंतीवरचा आकडा दिसत होता. तीस.

"दुरुस्तीचा खर्च किती येईल? मी पापडाचे पैसे साठवले आहेत."

"पैशाचं बरंचसं विम्यात निघून जाईल, ते सोडा. खरा खर्च वेगळा आहे. पंप आत्ता, या क्षणी बंद करावा लागेल, नाही तर उरलेल्या जुड्याही तुटतील. नव्या फिती मागवून यायला तीन आठवडे. भर उन्हाळा आहे, सगळीकडून मागणी आहे."

"तीन आठवडे?" रंजनानं पुन्हा खिडकीतून आत पाहिलं.

"घाबरू नका. शेजारनळ आहे ना."

शेजारनळ म्हणजे आठही घरांना जमिनीखालून जोडणारी पाण्याची नळी. एखाद्याचा पंप बंद पडला, तर बाकीच्यांनी होकार द्यायचा; मग त्यांच्या पंपांचं थोडं थोडं गार पाणी त्या घरात यायचं. लेआउट बांधला तेव्हा मोठ्या हौसेनं ती घातली होती, पण उघडायची वेळ कधी आली नव्हती. बाकीच्या घरांना एखादा अंश जास्त गरम सोसावं लागायचं, तेवढंच.

"पण आधी त्यांचे पंप पाहून घेते," तेजल म्हणाली. काय दिसणार ते दोघींनाही ठाऊक होतं.

शेजारच्या शालू मत्तेच्या पेटीत तेजलनं हात घातला, तर भुकटी. पलीकडच्या घरी भुकटी. त्याच्या पलीकडे थोडी कमी, पण भुकटीच. रंजनाच्या पंपाची अवस्था सगळ्यांत वाईट, कारण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त पापड तिनंच घातले होते. शेजारनळ उघडला असता, तर हे अर्धमेले पंप तिच्या घराचं ओझं ओढता ओढता आठवडाभरात एकेक करून बसले असते.

शालूच्या स्वयंपाकघरात चार-पाच बायका जमल्या. यंत्रच निकृष्ट होतं, कंपनीनं फसवलं, अशी बोलणी सुरू झाली. रंजनाला गप्प राहता आलं असतं. तेजलही काही बोलली नसती. पण उद्या पुन्हा कुणी पेटीवर बाज टाकली तर?

"कंपनीचं काही नाही," ती म्हणाली. "आपल्या पापडांचा खार आहे तो. अन् बाज टाकायचं मीच शिकवलं तुम्हाला."

शालू उसळली. "तूच तर म्हणत होती ना वं, काही होत नाही म्हणून! माह्या घरी तान्हं लेकरू हाय, रंजना. माह्या पंपाले काही झालं असतं तर?"

"हो," रंजना म्हणाली.

शालूचा राग जेवढ्या लवकर चढायचा तेवढ्याच लवकर उतरायचा. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "प्रमोदभाऊचं काय करायचं मंग? कोणाचाच पंप चांगला नाही काय?"

"एक आहे," तेजल म्हणाली. "गौरकार साहेबांचा. एकदम कोरा करकरीत."

सगळ्यांचे चेहरे पडले.

गौरकार साहेब वनखात्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दूर देशी. समोरच्या मोठ्या घरात ते एकटेच राहायचे. बाजा चढल्या त्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कुंपणापाशी येऊन सांगितलं होतं की, तुमच्या हिंगाचा वास थेट माझ्या खिडकीत येतो, हे बंद करा. तेव्हा कौतुकानं रंजनाचे पाय जमिनीवर नव्हते. "मग नाक बंद ठेवा ना साहेब," ती म्हणाली होती आणि सगळ्या बायका खो खो हसल्या होत्या. त्या दिवसापासून साहेबांनी लेआउटमधल्या कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

रंजना घरी आली. आकडा बत्तीस झाला होता. प्रमोदरावांच्या कपाळावर ओला टॉवेल होता आणि गाल लाल दिसत होते.

"शालूच्या खिडकीतून सगळं ऐकू आलं," ते म्हणाले. जीभ जडावायला लागली होती. "माझ्यासाठी कोणाच्या दारात उभी राहू नको. त्या माणसाच्या तर नाहीच."

"तुम्ही शब्दकोडं सोडवा," रंजना म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन तिनं रस्ता ओलांडला. वीस पावलांचा रस्ता, पण चपलेचे तळवे डांबराला चिकटत होते.

खूप वेळानं दार वीतभर उघडलं.

"भोंगा झालेला आहे," गौरकार साहेब म्हणाले.

"माहीत आहे. साहेब, मी सगळ्यांचे पंप खराब केले." आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

साहेबांच्या चेहऱ्यावर एक बारीकसं समाधान चमकून गेलं. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तुम्ही वासाचं सांगितलं होतं. खाराचं नव्हतं सांगितलं." एवढ्या संकटातही तिच्या तोंडून ते निघून गेलंच.

साहेबांनी थोडा विचार केला. "हे मात्र खरं. खाराचं मला कुठे माहीत होतं? मला फक्त शिंका येत होत्या." मग ते सावरले. "शेजारनळाला माझा होकार हवा आहे ना? दिला. सांगा त्या मुलीला."

मागून तेजल आली होती. "नाही साहेब, तसं जमणार नाही. नव्या जाळ्या येईपर्यंत बाकीच्यांचेही पंप भर दुपारी बंदच ठेवावे लागतील. नळीतून सात घरांना गारवा पुरवायचा तर तुमचा एकटा पंप दोन दिवसांत बसेल. पण तुमच्या बैठकीत मात्र तो वीस माणसांना सहज पुरेल. गारवा न्यायचा नाही, माणसं आणायची."

"इथे? माझ्या घरात?" साहेबांचा हात दारावर घट्ट झाला. ते रंजनाच्या डोक्यावरून समोरच्या घराकडे पाहत राहिले. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "मला माणसांची सवय राहिलेली नाही हो."

रंजनाला त्यांची कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. समोरासमोर राहून सहा वर्षांत हे वाक्य ऐकायला ती एकदाही इथवर आली नव्हती.

"आत्ता फक्त एकच माणूस," ती म्हणाली. "तो फार बोलत नाही. आत्ता तर त्याला बोलताच येत नाहीये."

साहेबांनी दार पूर्ण उघडलं.

आकडा तेहतीस झाला होता. प्रमोदराव रंजनाला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. तेजलनं आपला गारकोट काढून त्यांच्या अंगावर चढवला आणि स्वतः डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्यांचा एक हात खांद्यावर घेतला. दुसरा रंजनानं घेतला. अर्ध्या रस्त्यात त्यांचे पाय लटपटले, तेव्हा तिसरा हात पुढे आला. गौरकार साहेब अनवाणीच धावत आले होते आणि डांबरानं भाजलेले तळवे नंतर चार दिवस कुणाला दाखवत नव्हते.

तासाभरानं प्रमोदरावांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "ऐकलं नाहीस ना माझं?" जीभ मोकळी झाली होती. रंजना साहेबांच्या स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवसापासून अकराचा भोंगा झाला की बाकीच्या सहा घरांचेही पंप बंद व्हायचे आणि मधुबन लेआउट गौरकारांच्या बैठकीत यायचा. रंजना आणि प्रमोदरावांचा मुक्काम तर रात्रीही तिथेच असायचा. साहेबांनी एकच अट घातली होती की, हिंग आणायचा नाही. शालूनं तिसऱ्याच दिवशी डाळीत घालून आणला. साहेब सलग अकरा वेळा शिंकले आणि अख्ख्या बैठकीनं शिंका मोजल्या. पहिले काही दिवस ते आतल्या खोलीत दार लावून बसत. मग शालूचं बाळ रांगत रांगत त्या दाराशी जाऊन थापा मारू लागलं, तेव्हा दार उघडं राहू लागलं. प्रमोदरावांना कोड्यात जंगलातली झाडं-पाखरं अडली की साहेब आतून ओरडून उत्तर द्यायचे. पुढे पुढे तर बाहेर येऊन वाद घालायचे. भांडणंही झाली. घोरण्यावरून झाली, खिडकीजवळच्या जागेवरून झाली, मुलांच्या गोंगाटावरून तर रोज झाली. एका घरातले दोघं दोन दिवस रुसून आपल्या घरी जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी घामाघूम होऊन परत आले.

तीन आठवड्यांनी फिती आल्या. तेजलनं सगळ्यांच्या जाळ्या बदलल्या, रंजनाच्या पंपात नव्या जुड्या घातल्या आणि बाकीचे पंप तपासायला घेतले. संध्याकाळी ती कोड्यात पडल्यासारखी रंजनाकडे आली.

"काकू, सगळ्यांच्याच फिती बदलाव्या लागतील असं वाटलं होतं. पण बाकीच्यांच्या पुष्कळ सुधारल्यात. या नव्या जातीच्या धातूला मधे विसावा मिळाला की तो स्वतःला सावरतो, असं आम्हाला शिकवलं होतं. पण उन्हाळ्यात पंप बंद ठेवतो कोण? त्यामुळे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या पंपांना दुपारची झोप मिळाली."

"मग आता किती वर्षं चालतील?"

"आपापल्या घरी आपापला पंप दिवसभर चालवला तर तीन-चार उन्हाळे. रोज दुपारी असेच निजवले, पाळीपाळीनं एकाच घरी बसलात, तर दहा-बारा सहज."

रंजनानं विचार केला. "म्हणजे दुरुस्तीचा खरा खर्च काय झाला म्हणायचा? रोजची दुपार?"

"ते मी कसं सांगू?" तेजल हसली. "मला फक्त फितीचं कळतं."

दुसऱ्या दिवशी अकराचा भोंगा झाला. सगळ्यांचे पंप दुरुस्त होते. आता कुणी कुणाकडे जायचं कारण उरलं नव्हतं. दारं एकामागून एक लागू लागली. रंजनानं पंपाच्या बटणावर बोट ठेवलं. प्रमोदराव दिवाणावर बसून होते, मांडीवर शब्दकोडं होतं, पण पेन्सिल हातात घेतलेली नव्हती. घर अगदी शांत होतं. इतकं शांत ते आधीही असायचं का, हे तिला आठवेना.

तिनं दार लावण्यासाठी हात पुढे केला आणि समोर पाहिलं. गौरकार साहेबांचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात ते स्वतः उभे होते. बैठकीत सतरंज्या घातलेल्या दिसत होत्या आणि आतला गारवा भर रस्त्यावर वाहून जात होता. शेजारी शालूही बाळाला कडेवर घेऊन आपल्या दारात थबकली होती.

"साहेब, दार लावा ना," रंजना इकडून ओरडली. "सगळा गारवा वाया जाऊन राहिला!"

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शालूच्या दाराकडे पाहिलं.

"येता, की लावू?" त्यांनी विचारलं.